पुढच्या विजेतेपदापर्यंत

ड्युइसबुर्ग, १४ सप्टेंबर २०२१

रासिम,

हेझलनटचं पार्सल मिळालं. चिठ्ठीत पाच किलो लिहिलं होतंस. पिशवी हातात घेतली तेव्हाच म्हटलं, थोडे टपालखात्याने खाल्लेत, नाहीतर बांधता बांधता तू. बाकी माल चांगला आहे. माझे जेवढे दात उरलेत तेवढ्यांनी खाल्ला. आसियेच्या कबरीजवळच्या झाडांचे आहेत, हे मात्र लिहायला नको होतंस. ते वाचल्यावर उरलेले बरणीत भरून ठेवले. आता ना खाववत ना टाकवत.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तुला एक शब्द ऐकू येत नाही आणि सबंध इमारतीला ऐकू जाईल असा तू ओरडतोस. मागच्या खेपेला खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाईने माझ्या मुलीला विचारलं, तुझ्या वडिलांना कोण धमकावतं. गुलाय म्हणाली, माझे मामा आहेत, तब्येतीची चौकशी करतायत.

आता मुद्दा. तू पुन्हा तेच लिहिलंयस. पुढच्या उन्हाळ्यात या आणि या वेळी तरी आमच्या घरी राहा. मीही पुन्हा तेच लिहितो. चौऱ्याऐंशी सालचं तुझं पत्र माझ्या कपाटात आहे. चार ओळी आहेत, पाठ आहेत. “दाजी, यंदा येऊ नका. घर दुरुस्तीला काढलंय, झोपायला जागा नाही. पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षीही आपणच जिंकणार आहोत.”

फुटबॉल लीगचं नऊ वर्षांतलं सहावं विजेतेपद होतं ते. आम्ही त्र्याहत्तर साली इथे आलो आणि शहात्तर साली त्राब्झोन पहिल्यांदा जिंकलं. म्हणजे तुझ्या आसियेताईने सगळी विजेतेपदं या स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून साजरी केली. कारखान्याची सुट्टी पडायची ऑगस्टमध्ये, तुमच्या मिरवणुका निघायच्या उन्हाळ्याच्या तोंडाला. त्या चौऱ्याऐंशी साली मी तिला म्हटलं होतं, लवकर सुट्टी घेतो, तुला चौकात उभी करून चषक दाखवतो. सुट्टी मिळाली होती. तिकिटं काढायची तेवढी बाकी होती. आणि तुझं पत्र आलं.

पाहुण्याला जागा नाही असं सांगणारा त्राब्झोनचा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आसिये गेली, तिने चौकातला चषक एकदाही पाहिला नाही. तिला तुमच्या बागेत पुरलं त्या दिवशीही मी अंगणातून परत फिरलो हे तू पाहिलंस. पुढेही तसंच होईल. तुझ्या हायरियेला सलाम सांग.

याकूप


आक्चाआबात, ५ ऑक्टोबर २०२१

प्रिय दाजी,

तुमच्या हाताला चुंबन. रागावलेल्या हातालाही.

हेझलनट पुरते पाच किलो होते. तुमचा हात म्हातारा झालाय, वजन कळत नाही. बेकरीत पन्नास वर्षं काढली मी, कणीक हातात घेऊन सांगतो किती भरेल. वजनावरून माझ्याशी भांडू नका, दुसऱ्या कशावरूनही भांडा.

भांडतच आहात म्हणा. पण दाजी, तुम्ही एक पत्र कपाटात ठेवलंत, आणि त्याच्या सतरा वर्षं आधीची गोष्ट कुठे ठेवलीत? सदुसष्ट साल आठवा. त्राब्झोनमध्ये फुटबॉलचे दोन क्लब. आम्ही ओजाकचे, पिवळे-लाल. तुम्ही ग्यूचचे, हिरवे-पांढरे. ओजाकवाला ग्यूचच्या न्हाव्याकडे दाढीला बसत नसे, वस्तरा गळ्याशी असतो म्हणून. आमच्या बाबांनी भर बाजारात सांगितलं होतं की ग्यूचवाल्याला मुलगी देण्यापेक्षा तिला होडीत बसवून समुद्रात सोडेन. आणि आसियेताई तुमच्यासाठी रडून रडून उशी भिजवत होती. बाबांसमोर मात्र सर्दी झालीय म्हणायची. तीन महिने सर्दी.

मग ऑगस्टमध्ये दोन्ही क्लब एक झाले, त्राब्झोनचा एकच संघ झाला. रंगावरून किती भांडले मोठे लोक. शेवटी तुमचेही नकोत, आमचेही नकोत, म्हणून डाळिंबी आणि निळा घेतला. त्या संध्याकाळी जेवताना मी बाबांना म्हटलं, “बाबा, ज्या क्लबला तुम्ही नाही म्हणताय तो क्लबच उरला नाही. आता नाही म्हणायचं तर नवीन कारण शोधा.” बाबांनी दोन दिवस शोधलं. सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बोलव त्या माकडाला.” ते माकड म्हणजे तुम्ही. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि तुमच्यासाठी बाबांच्या ताटासमोर तोंड उघडलं होतं. ज्याने तुम्हाला बायको मिळवून दिली तो तुम्हाला झोपायला जागा देणार नाही, हे तुम्हाला पटतं तरी कसं?

त्या चार ओळींमागे कारण आहे. पण मला ते सांगता येत नाही. मी पावावर हात ठेवून शपथ घेतली आहे. आमच्याकडे बेकरीवाल्याने पावाची शपथ मोडली तर त्याच्या भट्टीत पुन्हा पीठ फुगत नाही. शपथेला मुदत मात्र आहे. त्राब्झोन पुढचं विजेतेपद जिंकेपर्यंत बोलायचं नाही. चौऱ्याऐंशीनंतर आपण जिंकलो नाही, त्याला मी काय करू?

पण यंदा पोरं पहिल्या नंबरावर आहेत. घोडामैदान जवळ आहे, दाजी. हसू नका.

तुमचा मेहुणा
रासिम


ड्युइसबुर्ग, २१ नोव्हेंबर २०२१

रासिम,

हसलो. इतका की गुलाय दुसऱ्या खोलीतून पाहायला आली.

सदतीस वर्षं पुरेल अशी सबब मी आजवर ऐकली नव्हती. बाकीचे लोक म्हणतात, पत्र गहाळ झालं, आजारी होतो, विसरलो. तू म्हणतोस, लीग जिंकली नाही. म्हणजे दोष तुझा नाही, गोलकीपरचा आहे.

पण रात्रभर विचार केला आणि मला कळलं. कारण हायरिये. तेव्हा तुमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. नव्या सुनेला नणंद आणि नणंदेचा नवरा महिनाभर घरात नको होते. साहजिक आहे. तू बायकोला शब्द दिलास आणि मूग गिळून बसलास. हे मला तेव्हाच सरळ सांगितलं असतंस तर मी आठ दिवस चिडलो असतो आणि विसरलो असतो. आता उशीर झाला, तरी निदान समजलं. हायरियेवर माझा राग नाही. तुझ्यावर आहे, बायकोच्या पदराआड लपलास म्हणून.

सदुसष्ट सालचं मी विसरलेलो नाही. तुझे उपकार मानतो, लग्नानंतर दर ईदला मानत आलो. म्हणून तर चौऱ्याऐंशीचं जास्त लागलं. परक्याने दार लावलं तर माणूस पुढच्या दारी जातो.

इथे थंडी सुरू झाली. आसियेने त्याच चौऱ्याऐंशी साली विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर कपाटातून काढला. डाळिंबी आणि निळा, उजव्या बाजूला एक टाका चुकलेला. त्या मार्चमध्ये तिने तो चार दिवसांत विणून मला दिला. म्हणाली, “कोटाच्या आत घालून जात जा, कारखान्यात गार लागत असेल.” क्लबचं वेड होतं तिला, दुसरं काय. वेड्या माणसांच्या हातचं लोकरीचं काम टिकतं. अजून एक भोक नाही.

मॅच गुलायच्या फोनवर पाहिली. तुमचा डावीकडचा पोरगा चांगला धावतो. अजून बारा आठवडे धावला तर बोल.

याकूप


आक्चाआबात, १६ जानेवारी २०२२

प्रिय दाजी,

तुमचं पत्र हायरियेने वाचलं. मी लपवणार होतो, पण टपालवाला पत्र तिच्याच हातात देतो. ती सूप ढवळत होती. पळी हातात तशीच घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मी? मी नको म्हटलं? वरच्या खोलीतल्या गाद्या मी उन्हात घातल्या होत्या, नव्या चादरी शिवल्या होत्या, आणि तू ते पत्र लिहिल्यावर आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते.” हे अगदी खरं आहे. आठ नाही, अकरा दिवस. तिलाही मी कारण सांगितलेलं नाही. अडतिसावं वर्ष लागेल आता, तिनेही विचारणं सोडलेलं नाही. तेव्हा दाजी, तिची माफी मागा. ती काळ्या कोबीचं सूप पाठवता येत नाही म्हणून तुम्हाला लोणचं पाठवतेय, आणि मला आज सूप मिळालेलं नाही.

मला सोडा, पण मी शपथ सोयीची घेतली असं म्हणू नका. शपथ घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, एका वर्षाचा प्रश्न आहे. आपण तेव्हा असेच होतो ना? झाडाला हेझलनट येतात तसं विजेतेपद येतं असं समजत होतो. लोकांनी लग्नाच्या तारखा पुढच्या मिरवणुकीवर ठेवल्या होत्या. आमच्या शेजारच्या चहावाल्याने दुकानाला रंग द्यायचा तो पुढच्या विजेतेपदाला देऊ म्हटलं. त्याच्या मुलाने शेवटी तसंच विकलं दुकान, भिंती पिवळ्या पडलेल्या.

शहाण्णव साली एक मॅच जिंकली असती की झालं होतं. घरच्या मैदानावर पुढे होतो, हरलो. त्या दिवशी मी बेकरीत कोरा कागद आणि पेन घेऊन बसलो होतो, तुम्हाला लिहायला. कागदावर तारीख घालून झाली होती. दोन हजार अकरा साली आपले आणि इस्तंबूलवाल्यांचे गुण सारखे झाले आणि गोलांच्या फरकाने गेलं. तेव्हाही तारीख घालून झाली होती. दोन्ही कागद माझ्याकडे आहेत. तुम्ही एक पत्र जपून ठेवलंत, मी दोन.

दुसरी एक गोष्ट सांगायची नव्हती, पण हायरिये म्हणते सांग. डिसेंबरमध्ये छातीत दुखलं. शहरातल्या हॉस्पिटलात नेऊन नळीत जाळी बसवली. आता बरा आहे. डॉक्टर तरुण आहे, म्हणाला, “चाचा, मॅच बघायची नाही.” मी म्हटलं, “पोरा, तू कुठल्या गावचा?” तो म्हणाला, “सुरमेने.” म्हणजे आपलाच. मग त्याने जरा विचार करून सांगितलं, “निदान टीव्हीकडे तोंड करून बसू नका.” तर आता मी चहाच्या दुकानात टीव्हीकडे पाठ करून बसतो आणि समोरच्यांच्या चेहऱ्यावर मॅच वाचतो. ऐकू येत नाही, दिसत नाही, तरी गोल कधी झाला ते मला सगळ्यांच्या आधी कळतं. आघाडी मोठी आहे, दाजी. पण मी तोंडाने काही बोलत नाही.

रासिम


ड्युइसबुर्ग, २ मार्च २०२२

रासिम,

हायरियेची माफी मागतो. कान धरून मागतो. तिला सांग, लोणचं पोचलं आणि मी त्या लायकीचा नव्हतो.

जाळी बसवलीस आणि महिन्याने कळवतोस. डॉक्टर म्हणेल ते ऐक. तोंड भिंतीकडे करून बस म्हणाला तर तसा बस. आणि सरळ सांगतो, मला कारण सांगितल्याशिवाय मरायचं नाही. मी ऐंशीचा आहे, माझा नंबर आधी आहे. रांगेत घुसू नकोस.

हल्ली दर आठवड्याला गुण मोजतो. गुलाय थट्टा करते. तिच्या ऑफिसात एक इस्तंबूलचा माणूस आहे, तो आता तिच्याशी बोलत नाही म्हणते. शहात्तर साली इथे कारखान्यात असंच झालं होतं. इस्तंबूलबाहेर चषक कधी गेलाच नव्हता. आमच्या पाळीत पाच जण इस्तंबूलचे होते, जेवताना मला म्हणायचे, “काळ्या समुद्रावरची मासळी इथपर्यंत आली का?” ज्या दिवशी जिंकलो त्या दिवशी आसियेने मक्याची भाकरी आणि तळलेली मासळी डब्यात भरून दिली, पाच जणांना पुरेल इतकी. म्हणाली, “त्यांना वाढ. काही बोलू नकोस, नुसतं वाढ.” वाढलं. पाचही जण मुकाट्याने जेवले. ती अशीच होती. काही बोलायची नाही, नुसतं वाढायची.

हे लिहिताना मनात आलं ते विचारतो. पावावर हात ठेवून तू शपथ दिलीस ती कुणाला? तिला का?

एवढंच कळव. बाकी मुदत संपल्यावर सांग.

याकूप


आक्चाआबात, १ मे २०२२

प्रिय दाजी,

जिंकलो.

तुम्हाला कळलंच असणार. काल संध्याकाळी रोजा सोडला आणि सगळं गाव आक्याझीच्या मैदानाकडे गेलं. मला मुलगा घेऊन गेला, डॉक्टरला सांगू नका. दोन-दोन बरोबरीत सुटली आणि तेवढं पुरे होतं. आपल्या माणसांचं ते काय, शिट्टी वाजली आणि सगळे मैदानात. माझ्या शेजारी एक साठीचा माणूस खुर्चीला धरून वडिलांना हाका मारत होता, त्याचे वडील कधीच गेलेत. मला काही ऐकू येत नव्हतं, पण ते तोंड वाचता आलं. मीही रडलो, दाजी. माझ्या रडण्यात निम्मं क्लबचं होतं आणि निम्मं तुमचं.

तुमच्या मार्चच्या पत्राला उत्तर दिलं नाही. नाही म्हटलं असतं तर खोटं, हो म्हटलं असतं तर शपथ मोडली असती. म्हणून पत्र उशाखाली ठेवून दिलं.

आज उपासाचा शेवटचा दिवस, उद्या ईद. कबरींना भेटायचा दिवस. सकाळी बागेत जायला निघालो तर वाटेतल्या कबरस्तानात आमच्या आधी सगळं गाव पोचलेलं. जो तो आपापल्या बापाला सांगत होता की जिंकलो. मी ताईच्या दगडाला स्कार्फ बांधला आणि म्हटलं, “ताई, जिंकलो. आता सांगू का दाजींना?” ती काही बोलली नाही. तिला नको असेल तेव्हा ती लगेच बोलायची, म्हणून मी होकार धरला.

तर ऐका. चौऱ्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये शेजारच्या चहाच्या दुकानात ताईचा फोन आला. मला बोलावणं आलं, मी भट्टीवरून तसाच गेलो. ती म्हणाली, “रासिम, पाव आहे का जवळ?” मी म्हटलं, “बेकरीवाल्याला काय विचारतेस?” “मग घेऊन ये आणि त्यावर हात ठेव.” परत गेलो, आपला तो चाकाएवढा पाव काखेत मारून आलो. दुकानातले सगळे बघतायत, एका हातात फोन, एक हात गरम पावावर. चटका बसत होता. ती म्हणाली, बसू दे.

मग तिने सांगितलं. तुमचं काम सुटलंय. फेब्रुवारीपासून. तुम्ही घरात कुणाला सांगितलं नाहीत, रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडता आणि पाळी संपायच्या वेळेला परत येता. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, “कुणी नाही. दोन महिने झाले त्याचे कपडे धुतेय, पाणी काळं होत नाही.”

ती म्हणाली, “त्याने मला मिरवणूक दाखवायचा शब्द दिलाय. तो शब्द मोडणार नाही, कुणाकडून तरी उसने घेईल. जर्मनीहून जाणारा रिकाम्या हाताने आपल्या गल्लीत शिरू शकत नाही, म्हणून भेटवस्तूंसाठी आणखी घेईल. आणि बाबांनी कामाचं विचारलं तर त्यांच्या तोंडावर खोटं बोलेल, आणि ते त्याला आयुष्यभर टोचेल. त्यापेक्षा तूच लिही, येऊ नका म्हणून. म्हणजे मोडलं ते तू मोडलंस, त्याने नाही.” मी म्हटलं, कारण काय देऊ? “घर दुरुस्तीला काढलंय लिही. तुझं घर पाहिलेल्या कुणालाही खरं वाटेल.”

मी म्हटलं, ताई, दाजी मला कधी माफ करणार नाहीत. ती हसली. “एका वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी जिंकू, आम्ही तिथे असू, त्याला काम लागलेलं असेल. तेव्हा तूच त्याला सांग, मिरवणुकीत, आणि आपण तिघं मिळून हसू. तोपर्यंत एक शब्द नाही.” असं ठरलं.

पुढचं वर्ष गेलं, त्याच्या पुढचं गेलं. शहाण्णवनंतर मी तिला म्हटलं, आता मला सोडव. ती म्हणाली, “पावावर हात ठेवलायस. आणि राहिलंय काय, एका वर्षाचा प्रश्न आहे.” दोन हजार अकरालाही हेच म्हणाली.

दाजी, तिने तुमचा मान राखायला आपली मिरवणूक सोडली. आणि मी तुम्हाला सोडलं. तुमची आठवण मला दर ईदला यायची. तुम्ही शहरात हॉटेलात उतरलात की हायरिये वरच्या खोलीत चादर घालायची, आणि तुम्ही गेलात की काढायची.

आता सांगून टाकलं. तुम्हाला लाज वाटावी म्हणून नाही सांगितलं. तिने सांगायला सांगितलं होतं, म्हणून.

तुमचा
रासिम


ड्युइसबुर्ग, १२ मे २०२२

रासिम, माझ्या भावा,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. गुलायला दाखवणार नव्हतो. मग तिला बोलावलं आणि मोठ्याने वाचायला लावलं, कारण मला अक्षरं दिसेनाशी झाली होती.

खरं आहे. अक्षर न अक्षर खरं आहे. त्या सप्टेंबरात गोदामात काम लागेपर्यंत सात महिने मी रोज सकाळी डबा घेऊन बंदराजवळ ऱ्हाइनच्या काठी एका बाकावर बसत होतो. कोळशाच्या बोटी मोजायचो. पाळी संपायच्या वेळेला उठायचो. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून घरी शिरताना दमल्यासारखा चालायचो. तिला कळू नये म्हणून तर जास्तच. आणि गेल्या सप्टेंबरच्या पत्रात तुला बढाई मारली, सुट्टी मिळाली होती म्हणून. सुट्टी भरपूर होती, रासिम. तुला हे ठाऊक होतं आणि तू काही बोलला नाहीस.

तुझं ते चौऱ्याऐंशीचं पत्र आलं तेव्हा मी आसियेसमोर खूप रागावलो. टेबलावर मूठ आपटली. आणि आतून, अल्लाह साक्षी आहे, सुटलो असं वाटलं. त्या रात्री कित्येक आठवड्यांनी झोप लागली. ते सुटलेपण मला स्वतःशी कबूल करवेना, म्हणून तुझ्यावरचा राग जपला. राग कपाटात ठेवायला सोपा असतो.

पण तुला माहीत नाही असं एक मी सांगतो. तो स्वेटर. “कारखान्यात गार लागत असेल,” म्हणाली होती ती. रासिम, मी पोलादाच्या भट्टीसमोर कामाला होतो. तिथे आम्ही ऐन जानेवारीत गंजीवर उभे राहायचो आणि घामाने निथळायचो. मी त्र्याहत्तर सालापासून तिथे होतो, तिला ते पक्कं ठाऊक होतं. भट्टीवरच्या माणसाला लोकरीचा स्वेटर कशाला? तो बाकावरच्या माणसासाठी होता. नदीवरून वारा येतो तिथे. तिने कधीतरी लांबून येऊन मला पाहिलं असणार, मी कोटाची कॉलर वर करून बसलेला. परत गेली, चार दिवसांत विणला, आणि कारखान्यात जातो हे माझंच खोटं मला परत देऊन माझ्या अंगात घातला.

अडतीस वर्षं तो घालतोय आणि आज मला कळलं.

तिचे आभार मानायला ती नाही. म्हणून तुझे मानतो, दोघांचे मिळून. तू माझ्यासाठी दोनदा तोंड वापरलंस. एकदा बाबांसमोर उघडलंस, एकदा माझ्यासमोर बंद ठेवलंस, आणि दुसरं जड होतं. पोरांचेही आभार, त्या डावीकडे धावणाऱ्याचे खास. त्यांना कुणी सांगितलं नसेल की ते धावत होते तेव्हा ड्युइसबुर्गमध्ये एका म्हाताऱ्याचं काय पणाला लागलं होतं. ते जिंकले नसते तर आपण दोघं हे असंच मनात घेऊन गेलो असतो.

जूनच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट गुलायने काढलं आहे. ती पण येते आहे. मी येताना काही आणणार नाही. रिकाम्या हाताने गल्लीत शिरणार आहे, बघू दे कुणाला बघायचं ते. फक्त स्वेटर आणीन, आणि बरणीतले हेझलनट. ते तिच्याजवळ बसून संपवू.

एक विचारायचं राहिलं. ते घर दुरुस्तीला काढलं होतंस, ते काम संपलं का?

याकूप


आक्चाआबात, २३ मे २०२२

दाजी,

संपलं. वरच्या खोलीत चादर घातली आहे.

रासिम